आवाज येतोय का

सोहारच्या बंदराबाहेर, दगडाच्या ट्रकांच्या रांगेच्या तोंडाशी
काचेची एक खोली आहे. तिच्यात मी बसतो,
रात्री दहा ते सकाळी सहा.
भरलेलं वजन वजा रिकामं वजन,
एवढंच माझं काम.
डोंगर टनाटनाने माझ्यासमोरून बोटीवर जातो
आणि मी पावती फाडतो.

माझं स्वतःचं गणित मिलिग्रॅममध्ये चालतं.
रात्रीची गोळी, वीस. अकरा वर्षं.
तिच्याआधी कानामागून कुणीतरी बोलायचं
ठसठशीत मराठीत, आमच्या देवरुखच्या हेलात.
नासकं बोलायचं. पण खोटं कशाला सांगू,
या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्याशी मराठीत बोलणारं
तेवढंच होतं.

गोळीने त्याला गप्प केलं.
रिकाम्या झालेल्या जागेत मी सिगरेट ठेवली.
एका ट्रकमागे एक. गर्दीच्या रात्री दोन पाकिटं.
गुलझमीन पावतीसाठी खिडकीतून हात घालायचा
तेव्हा त्या हातात माझ्यासाठीची असायची, पेटवून आणलेली,
त्याच्या ओठांनी किंचित ओली.
इतकं आयतं मला घरीसुद्धा कुणी...
असो.

यंदा रमजानचा चंद्र दिसला त्या रात्री सोडली.
व्रत वगैरे नाही.
पोरीने फोनवर विचारलं होतं,
बाबा, तुम्ही जिना चढताय का?
मी खुर्चीत बसलो होतो.

सोडल्यावर काय होतं ते सगळे सांगतात:
चिडचीड, भूक, हातांना काम नाही.
लवंगा चघळल्या, खजुराच्या बिया, बॉलपेनांची टोपणं.
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं
की आठव्या दिवशी मी लाळेने उशी भिजवून उठेन,
जीभ तोंडात पायपुसण्यासारखी पडून राहील,
एकोणचाळीस टनांच्या जागी मी तीन टन नऊशे लिहीन
आणि गुलझमीन पावती उलटीसुलटी करत म्हणेल,
भाई, आज पहाड हलका है क्या?

घाबरलो. वाटलं, आला परत,
आणि या वेळी न बोलता आला.

धूर सोडलात आणि मला सांगितलं नाहीत,
डॉक्टर शमसा म्हणाल्या.
कागदावर त्यांनी एक यकृत काढलं, चपलेसारखं दिसणारं.
धूर आत असला की हे गडी दुप्पट राबतो,
गोळीचा मोठा वाटा काम होण्याआधीच फस्त.
धूर गेला, गडी निवांत झाला.
गोळी तेवढीच, पण आता ती पुष्कळ जास्त तुमची.

विसाची पंधरा लिहून दिली.
स्वतःच्या मनाने आणखी कमी करू नका,
हे दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा चष्मा काढून.

बाहेर पार्किंगच्या कठड्यावर बसलो.
भरलेलं वजा रिकामं.
म्हणजे अकरा वर्षं मी गोळी गिळत होतो
आणि गोळी खाणारं जनावरही पाळत होतो,
दोघांचा खर्च माझ्याच पगारातून.
हसू आलं. जरा मोठ्यानेच आलं.
एक बाई मुलाचं बोट धरून लांबून वळसा घालून गेली.
गेली तर गेली.

आता डोळे उघडे राहतात. आकडे जाग्यावर पडतात.
गुलझमीन अजून हात घालतो सवयीने,
कधी त्यात वेलदोडा असतो,
कधी काहीच नाही, नुसता हात.
मी तो घटकाभर धरतो. मागचा ट्रक हॉर्न मारतो.
बरं वाटतं, असं मी म्हणणार नाही.
चारच्या सुमारास रांग तुटते,
काचेवर बाहेरून दव धरतं,
आणि एकच, फक्त एकच ओढावी असं
हाडापासून वाटतं.

त्याच वेळी तिकडे साडेपाच होतात, वृंदा उठते, फोन लावते.
इथल्या लोखंडात रेंज अडकते.
आवाज येतोय का? ती ओरडते. अहो, आवाज येतोय का?
अकरा वर्षं ती हे दोन्ही अर्थांनी विचारते आहे
आणि मी एकाच अर्थाने हो म्हणत आलोय.

आज थांबलो. नीट कान दिला.
एसीची घरघर. काट्याची बीप. लांब एका बोटीचा भोंगा.

तुझाच येतोय, म्हटलं.
तुटक येतोय. बोलत राहा.